नवा समुद्री मासा खात नाही? काय टाकायचं ते नंतर, आधी क्रम सुधारा

संध्याकाळी मासा घरी येतो. तासाभरात टाकीत सोडला जातो आणि घरातली मंडळी काचेला नाक लावून बसलेली असतानाच पहिली चिमूट पेलेट (कोरड्या अन्नाचे दाणे) पाण्यात पडते. मासा ढुंकूनही बघत नाही. मग दुसरा ब्रँड, मग फ्लेक, मग फ्रोजन क्यूब तसाच्या तसा, मग लसणाचा रस. तिसऱ्या दिवशी तळाशी अन्न कुजलेलं असतं, पाणी ढगाळ झालेलं असतं आणि मासा कोपऱ्यात तोंड खुपसून उभा असतो. चौथ्या दिवशी फोन येतो, "मासा काहीच खात नाहीये, आता काय टाकू?"

काय टाकू, हा प्रश्न बराच पुढचा आहे. समुद्रातून पकडलेल्या माशाला पेलेट ही खायची वस्तू आहे हेच ठाऊक नसतं. आणि घाबरलेला मासा तर ओळखीचं अन्नसुद्धा तोंडात घेत नाही. म्हणून आधी आडोसा, मग स्वच्छ पाणी, मग ओळखीचं किंवा हलणारं अन्न, त्यानंतर फ्रोजन आणि सगळ्यात शेवटी कोरडं. बहुतेक जण नेमकी उलटी सुरुवात करतात.

उदाहरणासाठी कॉपरबँड बटरफ्लाय घेतो. पांढऱ्या अंगावर केशरी पट्टे आणि लांब चोच असलेला हा मासा दुकानात बघताक्षणी आवडतो आणि घरी आल्यावर बऱ्याचदा उपाशी मरतो. त्याला खायला लावणं जमलं की टँग, अँथियस, एंजल या माशांना तोच क्रम थोड्या फरकाने लागू पडतो.

१. दुकानात, पैसे देण्याआधी

"खातो का?" असं विचारू नका, उत्तर नेहमी "हो"च येतं. "खाताना दाखवा" म्हणा. काय घातलं, माशाने ते गिळलं की तोंडात घेऊन थुंकलं, हे स्वतः बघा. फक्त जिवंत आर्टेमियाच (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) खात असेल तर तसं लिहून ठेवा, तुमची सुरुवात तिथूनच होणार आहे.

मासा समोरून बघा. बाजूने सगळेच ठीक दिसतात. समोरून बघताना डोळ्यांच्या वर आणि डोक्याच्या लगेच मागे पाठ भरलेली हवी. पोट थोडं आत गेलेलं असेल तर चार दिवस नीट खाऊन भरून येतं. पण डोक्यामागची पाठ खोबणीसारखी बसली असेल तर मासा स्वतःच्या अंगातलं मांस जाळून जगतोय असं समजा. असा मासा सहसा परत येत नाही. दया म्हणूनही घेऊ नका.

चोचीचं टोक, कल्ल्यांची हालचाल आणि विष्ठा बघा. लांब चोचीच्या माशांची चोच पिशवीला आपटून सोलवटलेली असते, आणि दुखऱ्या तोंडाने कुणी खात नाही. पांढरी, लांब, दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत असेल तर आतड्यात परजीवी असण्याची शक्यता धरा.

मासा दुकानात कधी आला तेही विचारा. कालच आला असेल तर आगाऊ रक्कम देऊन आठवडाभर तिथेच राहू द्या. माझा पहिला कॉपरबँड मी माल उतरला त्याच दिवशी उचलला होता, कारण शेजारी उभा असलेला दुसरा माणूसही त्याच माशाकडे बघत होता. खाताना बघितला नव्हता, समोरून बघितला नव्हता. अकराव्या दिवशी तो गेला. त्या अकरा दिवसांत त्याची पाठ रोज थोडी आत जाताना मी बघत होतो आणि रोज वेगळं अन्न टाकत होतो.

निघताना दुकानाच्या टाकीची क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण, इथे विशिष्ट गुरुत्वाच्या आकड्यात) मोजून घ्या किंवा त्या टाकीचं थोडं पाणी बाटलीत आणा. अनेक दुकानं पाणी १.०१८ ते १.०२० च्या आसपास ठेवतात आणि आपली घरची टाकी १.०२५ ला असते. ही दरी पुढच्या पायरीत लागणार आहे.

*काय घेऊ नये:* मँडरिन ड्रॅगोनेट दिवसभर जिवंत कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) टिपत फिरतो. टाकी जुनी आणि कोपेपॉडने भरलेली नसेल तर त्याला हात लावू नका. मुरीश आयडॉल अनुभवी लोकांनाही दाद देत नाही. समुद्री घोडा तर २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे कुणी विकत असेल तरी घ्यायचा नाही. आणि पहिलाच समुद्री मासा असेल तर पैदास केंद्रात वाढलेला क्लाउनफिश घ्या. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्याची पैदास होते. असा मासा पिल्लू असल्यापासून माणसाच्या हातचं खात आलेला असतो, त्यामुळे खालच्या निम्म्या पायऱ्या त्याला लागतच नाहीत.

२. वेगळी टाकी, महिनाभर आधी

नवा मासा थेट मुख्य टाकीत सोडणं ही दुसरी मोठी चूक. तिथे जुने मासे आधीच जागा वाटून बसलेले असतात. नव्याला ते हाकलतात आणि अन्न त्याच्यापर्यंत पोचण्याआधी संपवतात. त्याने खाल्लं की नाही हे आपल्याला कळतही नाही.

६० ते ८० लिटरची साधी काचेची टाकी पुरते. तळाला वाळू नको, म्हणजे उरलेलं अन्न आणि विष्ठा दोन्ही दिसतात. आडोशाला दोन-तीन पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो ठेवा. मासा आत शिरून वळू शकेल इतका व्यास हवा. तीन बाजूंच्या काचांना बाहेरून कागद चिकटवा आणि वर जाळीचं झाकण ठेवा, रॅस आणि अँथियस उड्या मारतात.

आता फिल्टर. कोऱ्या स्पंज फिल्टरला काहीच अर्थ नाही. स्पंज तीन-चार आठवडे मुख्य टाकीच्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) टाकून ठेवा, म्हणजे त्यात अमोनिया (माशांच्या उत्सर्जनातून येणारं विष) खाणारे जिवाणू बसतात. मासा घेतल्यावर स्पंज विकत आणणारे बरेच जण आहेत. त्यांच्या टाकीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अमोनिया चढतो, मासा खाणं बंद करतो आणि दोष अन्नाला जातो.

पाणी असं हवं: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पीएच ८.१ ते ८.४, तापमान २५ ते २७ अंश. क्षारता मात्र दुकानातल्या पाण्याइतकीच ठेवा. मासा खायला लागल्यावर ती रोज ०.००१ ते ०.००२ इतकीच वाढवत मुख्य टाकीच्या पातळीला आणा.

मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात पाणी सहज ३० अंशांवर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाची गरज मात्र वाढते. धापा टाकणारा मासा खात नाही. चिलर नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. त्याने पाणी उडून क्षारता वाढते, म्हणून रोज आरओ पाण्याने पातळी भरून काढा. मिठाचं पाणी घालू नका.

*तपासा:* मासा आणायच्या आदल्या दिवशी अमोनिया, तापमान आणि क्षारता मोजली का? तिन्हीपैकी एक जरी गडबडलेलं असेल तर दुकानात फोन करून दोन दिवस थांबायला सांगा.

३. अन्नाची तयारी मासा येण्याआधी

मासा टाकीत, आणि आपण अन्न शोधत बाजारात, असं होऊ देऊ नका. फ्रीझरमध्ये आणि फ्रीजमध्ये हे आधीच असलं पाहिजे.

*फ्रोजन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले).* पुढे रोजचं अन्न हेच. क्यूब थेट टाकीत टाकायचा नाही. पेल्यात टाकीचं थोडं पाणी घेऊन त्यात विरघळू द्या, मग बारीक गाळणीतून गाळा. गढूळ पाणी फेकून द्या, ते फक्त टाकी घाण करतं.

*तिसऱ्या (खाडीतले शिंपले).* कॉपरबँडसाठी याच्या तोडीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. बाजारातून जिवंत घ्या. टिचकी मारल्यावर शिंपला मिटला तर आतला जीव जिवंत आहे. उघडाच राहिला तर टाकून द्या. खाडी कुठली हे आपल्याला सांगता येत नाही, म्हणून स्वच्छ धुवा, एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग वापरा. गोठवलेल्या तिसऱ्या सुरीचं टोक घातलं की सहज उघडतात.

*ताजा जवळा आणि कोळंबी.* जवळा समुद्रातलाच, आकार छोट्या तोंडाला बरोबर आणि माशांना त्याची चव लगेच कळते. कोळणीकडून ताजा घ्या, गोड्या पाण्यात दोनदा धुवा, पाणी निथळू द्या आणि पिशवीत पातळ थर करून गोठवा, म्हणजे लागेल तेवढा तुकडा मोडता येतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत जवळा मिळणं अवघड होतं, तेव्हा मे संपण्याआधीच साठवा. सुका जवळा चालणार नाही. तो कडक असतो, शिवाय वाळवणीवरची रेती त्यात असते. मसाला, हळद, मीठ लावलेलं काहीही नको. नुसत्या कोळंबीवर महिनोन्‌महिने ठेवणंही चुकीचं, काही जातींच्या कोळंबीत ब१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं. म्हणून फेरपालट हवी.

*नोरी.* टँग, रॅबिटफिश आणि बऱ्याच एंजलांसाठी. सुशी या जपानी पदार्थासाठी वापरतात तेच समुद्रशैवालाचं पान, पण बिनमिठाचं, बिनतेलाचं आणि न भाजलेलं असेल तर उत्तम. पाकिटावर तेल, मीठ, साखर, मसाला यातलं काही छापलं असेल तर परत ठेवा. पालक उकडून घालायची पद्धत आहे, पण समुद्री माशाला त्यातून फारसं काही मिळत नाही.

*जिवंत आर्टेमिया.* लहान तोंडाच्या आणि फक्त हलणारं टिपणाऱ्या माशांसाठी. थंड पेयाची दोन लिटरची बाटली बूड कापून उलटी टांगा. त्यात दीड लिटर पाणी घ्या. तीन भाग टाकीचं पाणी आणि एक भाग आरओ पाणी, असं प्रमाण ठेवा. अर्धा छोटा चमचा अंडी घाला, एअर पंपाची नळी थेट तळापर्यंत सोडून जोरात हवा द्या आणि वर दिवा लावा. २६ ते २८ अंशांना साधारण २४ तासांत पिल्लं निघतात, म्हणजे आपल्याकडे हीटरची गरज क्वचितच. हवा बंद करून दहा मिनिटं थांबलात की टरफलं वर तरंगतात आणि केशरी पिल्लं खाली जमतात. खालून नळीने ओढून मलमलच्या फडक्यावर गाळा, धुवा आणि त्याच दिवशी द्या. पिल्लांच्या पोटातला पिवळा साठा तासागणिक संपतो. दुसऱ्या दिवशीची पिल्लं म्हणजे निम्मी रिकामी पाकिटं. टरफलं टाकीत जाऊ देऊ नका, लहान माशांच्या आतड्यात ती अडकतात.

मोठा आर्टेमिया, जिवंत असो वा फ्रोजन, मासा आनंदाने खातो, पण त्यात पोषण कमी. भूक उघडायला ठीक, त्यावर जगवायला नाही.

४. टाकीत सोडताना

खोलीतला मोठा दिवा बंद करा. बंद पिशवी पाण्यावर १५-२० मिनिटं तरंगू द्या, म्हणजे तापमान सारखं होईल. पाणी दुकानाच्या क्षारतेचं ठेवलं असेल तर टाकीचं पाणी पिशवीत थेंबथेंब सोडण्याच्या लांबलचक पद्धतीची गरज उरत नाही. पिशवी उघडून क्षारता मोजा. फरक ०.००१ इतकाच असेल तर मासा सोडून द्या.

पिशवी बारा तासांहून जास्त बंद असेल, म्हणजे मासा पार्सलने दुसऱ्या शहरातून आला असेल, तर घाई महत्त्वाची. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले भाजायला लागतो. अशा पिशवीत तासभर थेंब सोडत बसणं घातक.

मासा मऊ प्लास्टिकच्या भांड्याने उचला, जाळीत काटे अडकतात. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

५. पहिले २४ तास: काहीही टाकायचं नाही

हीच पायरी पाळणं लोकांना सगळ्यात जड जातं. मासा उपाशी आहे म्हणून जीव तुटतो. पण पाठवणीआधी माशांना मुद्दाम एक-दोन दिवस खायला देत नाहीत, त्यामुळे आणखी एक दिवस त्याला जड नसतो. टाकीत कुजणारं अन्न मात्र जड जातं.

टाकीचा दिवा बंद, खोलीत मंद उजेड. काचेवर टिचक्या नाहीत, फोटोसाठी टॉर्च नाही, मुलांना लांबून दाखवा. अमोनिया रात्री एकदा आणि सकाळी एकदा मोजा.

*तपासा:* दुसऱ्या दिवशी मासा पाइपमधून अर्धा बाहेर येतो का? काच, पाइप, तळ यांच्याकडे बघत, टोचत फिरतो का? टोचायला लागला म्हणजे तो अन्न शोधतोय, आता पुढे जा. अजून कोपऱ्यात तोंड खुपसून उभा असेल किंवा जोरजोरात श्वास घेत असेल तर अन्न नको, आधी पाणी तपासा.

६. पहिला घास

इथे वेळ द्या. सकाळी दिवा लावून साधारण तासाभराने सुरुवात करा. लायनफिश किंवा स्क्विरलफिश असेल तर संध्याकाळी दिवा मालवताना, ते तेव्हाच शिकारीला निघतात. वेवमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) बंद, स्पंजची हवा मंद.

एक तिसरी पूर्ण उघडा, मांस एका शिंपल्याला चिकटलेलं राहू द्या. मांसावर सुरीच्या टोकाने दोन-तीन चिरा द्या, रस पाण्यात उतरला पाहिजे. हा शिंपला माशाच्या आवडत्या पाइपपासून वीतभर अंतरावर, मांसाची बाजू वर करून तळावर ठेवा. मग टाकीपासून दूर जा. दोन मीटर लांब बसा, नाहीतर फोन रेकॉर्डिंगला लावून खोलीबाहेर जा.

कॉपरबँड जेवणाकडे कधीच सरळ येत नाही. आधी लांबून घिरटी घालतो. मग थांबतो, अंग एका बाजूला कलवतो आणि एका डोळ्याने शिंपला बघतो. पाठीवरचा काटा उभा राहतो, पुन्हा पडतो. निघून जातो. परत येतो, चोच मांसाला टेकवतो आणि चटका बसल्यासारखा झटकन मागे होतो. पाच-सहा वेळा हे चालतं. मग एकदा चोच चिरेत घालून मान झटकतो आणि मांसाचा धागा सुटून येतो. तो धागा चघळतो, बाहेर टाकतो, खाली पडण्याआधी पुन्हा पकडतो. ही घिरटी चालू असताना कुणी जवळ येऊन "खाल्लं का?" असं काचेतून बघितलं की सगळं पहिल्यापासून सुरू. म्हणून लांब बसा म्हणतो.

शिंपला दोन तासांनी काढा, खाल्लेला असो वा नसो. आपल्या हवेत त्याहून जास्त ठेवला तर मांस सडायला लागतं. संध्याकाळी दुसरा, ताजा. जागा तीच, वेळ तीच. दोन दिवस हेच करा, अन्न बदलू नका. नव्या माशासाठी शिंपला, जागा आणि वेळ या तीन ओळखीच्या खुणा होतात.

इतर माशांसाठी पद्धत थोडी वेगळी:

टँगला नोरी क्लिपवर लटकवण्याऐवजी रबरबँडने दगडावर गुंडाळा. तो दगड खरवडून खाणारा मासा आहे, पाण्यात फडफडणाऱ्या पानाला सुरुवातीला घाबरतो. सकाळी लावा, संध्याकाळी उरलेलं काढा.

अँथियस पाण्यात वाहत येणारं टिपतात, तळाला पडलेलं शोधत नाहीत. त्यांच्यासाठी वेवमेकर मंद चालू ठेवा आणि आर्टेमियाची पिल्लं किंवा बारीक मायसिस ड्रॉपरने प्रवाहात सोडा. थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा. एकदाच भरपूर देऊन त्यांचं भागत नाही.

लायनफिशला कोळंबीचा किंवा पांढऱ्या माशाचा तुकडा लांब काडीच्या टोकाला लावून त्याच्या समोर हळू हलवत न्या, जणू तो तुकडा पोहतोय. गोड्या पाण्यातला जिवंत गोल्डफिश कधीही देऊ नका. त्यातही ते ब१ मोडणारं द्रव्य असतं, आणि एकदा जिवंत शिकारीची चटक लागली की लायनफिश मेलेलं तोंडात घेत नाही. तो पोटभर खायला लागला की आठवड्यातून दोन-तीनदाच पुरे.

*सावधान:* खायला घालताना बंद केलेला वेवमेकर आठवणीने चालू करा. फोनवर दहा-पंधरा मिनिटांचा गजर लावा. मासा खाल्ल्याच्या आनंदात पंप बंद राहून रात्री टाकी गुदमरल्याच्या गोष्टी अनेक घरांत घडल्या आहेत.

७. तोंडात घेतलं म्हणजे खाल्लं असं नाही

इथे बरेच जण फसतात. मासा तुकडा घेतो, आपण टाळ्या वाजवतो, आणि तो वळून तो तुकडा पाइपमागे थुंकतो. किंवा चघळलेला चुरा कल्ल्यांतून बाहेर येतो. आठवड्याने मासा बारीक का होतोय ते कळत नाही.

म्हणून तीन गोष्टी बघा. एक, घास घेतल्यावर कल्ल्यांमागून चुरा उडतो का. दोन, दोन-तीन दिवसांत अन्नाच्या रंगाची, तुटक, जड विष्ठा तळावर दिसते का. उघडा तळ याचसाठी ठेवलाय. तीन, दर रविवारी समोरून एक फोटो, त्याच अंतरावरून. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की दिसतो.

पांढरी, पारदर्शक विष्ठा पहिल्या दोन दिवसांत दिसली तर घाबरू नका, रिकाम्या आतड्यातला तो चिकटा असतो. पण मासा पाच-सहा दिवस नीट खातोय, तरी विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी आणि पाठ भरत नाही, तर परजीवी धरा. यावर मेट्रोनिडाझोल अन्नात मुरवून देतात. म्हणजे मासा खायला लागल्याशिवाय ते औषध द्यायची सोयच नाही. मात्रा अंदाजाने ठरवू नका, जाणकाराला विचारा.

*तपासा:* उरलेलं अन्न १०-१५ मिनिटांत काढलं का? (शिंपला अपवाद, त्याला दोन तास.) मोठ्या सिरिंजला एअरलाइनची वीतभर नळी जोडली की कोपऱ्यातलाही कण ओढता येतो.

८. शिंपल्यावरून मायसिसवर, मायसिसवरून पेलेटवर

मासा सलग तीन दिवस तिसरी गिळतोय असं दिसलं की बदल सुरू करा. रिकामे शिंपले फेकू नका, धुऊन ठेवा, आता त्यांचंच काम आहे.

तिसरीचं मांस बारीक कापा, त्यात थोडा मायसिस मिसळा आणि तो लगदा रिकाम्या शिंपल्यात दाबून भरा. मासा शिंपला ओळखतो, शिंपल्यात काय आहे हे नंतर बघतो. सुरुवातीला चार भाग तिसरी आणि एक भाग मायसिस. दर दोन-तीन दिवसांनी मायसिस वाढवा, तिसरी कमी करा. एकदम निम्मं केलंत तर मासा दोन टोचे मारून सोडून देतो. साधारण दहा-बारा दिवसांत शिंपल्यात नुसता मायसिस उरतो. मग थोडा मायसिस शिंपल्यात आणि थोडा ड्रॉपरने शिंपल्याच्या वर पाण्यात सोडा. पडता पडता तो टिपायला लागला की सगळ्यात कठीण टप्पा पार पडला.

याच वेळी द्रव जीवनसत्त्वांचे दोन थेंब गाळलेल्या मायसिसवर टाकून दहा मिनिटं मुरू द्या. खातं तोंड मिळाल्यावरच याचा उपयोग, आधी नाही. लसणाचंही तेच. घाबरलेल्या किंवा अमोनियात उभ्या असलेल्या माशाला लसूण काही करत नाही. माझा त्याच्यावर भरवसा नाही. वापरायचाच असेल तर अगदी थेंबभर, रोज नको.

पेलेट शेवटी. बुडणारे, मऊ, माशाच्या तोंडाच्या निम्म्या आकाराचे दाणे मायसिसच्या पाण्यात पाच मिनिटं भिजवा आणि मायसिसमध्येच मिसळून द्या. पहिल्यांदा पाच-सहा दाणे, जास्त नाही. थुंकले तर मुकाट्याने काढून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. क्लाउनफिश, डॅमसेल, टँग पेलेटवर लवकर येतात. कॉपरबँड कदाचित कधीच येणार नाही. त्यासाठी त्याला उपाशी ठेवू नका. "भूक लागली की खाईल" हे कुत्र्या-मांजरांना लागू होत असेल, बटरफ्लायला होत नाही.

९. तरीही खात नसेल

भरलेल्या पाठीचा, पाण्यात शांत फिरणारा मध्यम मासा आठवडाभर तग धरतो. बारीक अँथियस किंवा छोटा रॅस धरत नाही, त्यांच्या बाबतीत तिसऱ्याच दिवशी हालचाल करा.

आधी पाणी. अमोनिया आणि तापमान पुन्हा मोजा, कालचा आकडा चालत नाही. मग आडोसा. कधी कधी पाइपच इतका खोल असतो की मासा बाहेर यायचं कारणच उरत नाही. तेव्हा लहान पाइप द्या. मग बाहेरची वर्दळ. टाकी दारापाशी किंवा टीव्हीशेजारी असेल तर पुढच्या काचेवरही अर्धा कागद लावा.

हे सगळं ठीक असेल तर अन्नाची हालचाल बदला, प्रकार नाही. शिंपला तळावरून उचलून उभा लावा, दगडाच्या फटीत खोचा. जिवंत आर्टेमिया सोडा. आणि एक उपाय मला नेहमी उपयोगी पडलाय: निरोगी, शांत, हावरा असा छोटा सोबती, म्हणजे एखादा क्रोमिस किंवा लहान क्लाउनफिश, त्याच टाकीत सोडा. दुसरा खाताना दिसला की नव्याची भीती मोडते. मात्र सोबती नव्याहून लहान हवा आणि तोही मग पूर्ण काळ वेगळ्या टाकीतच राहील, मुख्य टाकीत परत जाणार नाही.

*हे करू नका:* दिवसातून चार अन्नं बदलणं. मासा पकडून तोंडात घास कोंबणं. "जागा आवडली नसेल" म्हणून दर दोन दिवसांनी टाकी बदलणं. आणि आजार दिसत नसताना, फक्त खबरदारी म्हणून पहिल्याच दिवशी तांब्याचं औषध घालणं. तांब्याने भूक मरते. मासा दोन-तीन दिवस नीट खाल्ल्यावरच ते सुरू करा. अपवाद एकच: अंगावर धुळीसारखी बारीक साय, धापा आणि उजेड टाळणं अशी व्हेल्वेट या परजीवी आजाराची लक्षणं दिसली तर भुकेची वाट बघत बसू नका, उपचार आधी.

१०. मुख्य टाकीत नेताना

मासा चार आठवडे रोज खातोय, विष्ठा ठीक आहे, समोरचा फोटो पहिल्यापेक्षा भरलेला आहे आणि क्षारता मुख्य टाकीइतकी आली आहे, तेव्हाच न्या. गाडी बऱ्याचदा इथेही घसरते. महिनाभराची मेहनत असते आणि मुख्य टाकीतला जुना टँग पहिल्या तासात नव्याला कोपऱ्यात दाबतो.

भोकं असलेला पारदर्शक डबा मुख्य टाकीच्या आत काचेला अडकवा. तयार मिळतात, नाहीतर भाजी धुण्याच्या दोन प्लास्टिक जाळ्या तोंडाला तोंड लावून केबल टायने बांधल्या तरी चालतं. मासा त्यात तीन-चार दिवस ठेवा आणि तिथेच खायला द्या. जुने मासे पहिल्या दिवशी डब्यावर धावून येतात, तिसऱ्या दिवशी दुर्लक्ष करतात. दुर्लक्ष करायला लागले की संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर डबा उघडा. मासा ओढून बाहेर काढू नका, त्याला स्वतःहून निघू द्या.

पुढचे दोन आठवडे जेवण दोन टोकांना. एका टोकाला आधी नोरी लावून जुन्यांना गुंतवा आणि मिनिटभराने दुसऱ्या टोकाला, जिथे डबा होता त्याच जागी, मायसिस भरलेला तोच जुना शिंपला ठेवा. कॉपरबँड तो लांबून ओळखतो आणि इतर मासे नोरीवर असेपर्यंत त्याच्या पदरात चार घास पडतात. शिंपला न ठेवता पाण्यातला मायसिस तो सगळ्यांमध्ये घुसून टिपायला लागेपर्यंत हे रोज करा. काहींना आठवडा पुरतो, काहींना महिना लागतो.